तालीम : पडद्यावरची आणि जिन्यावरची



डोंबिवलीतल्या ज्या इमारतीत आम्ही उभयता गेली ३८ वर्षे राहत आहोत, तिला लिफ्ट नाही. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. एका मजल्याला १८ पायऱ्या, म्हणजे एकूण ५४. चाळिशीत असताना या पायऱ्या मोजाव्यात असे कधी मनातही आले नाही. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मुलीचे दप्तर आणि मागे धावणारी मुलगी, अशा थाटात त्या चढून होत असत. आज मात्र ५४ हा आकडा आमच्या घरात तारखेसारखा रोज उच्चारला जातो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असाच एखादा आकडा असणार, याची मला खात्री आहे. डोंबिवली, कल्याण आणि जुन्या ठाण्यात अशा तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर आपल्याच वयाची माणसे राहतात.

जानेवारीत आमच्या हिला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस रुग्णालयात आणि त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे घरी अंथरुणावर गेले. फुप्फुसे बरी झाली, खोकला थांबला. परंतु पायांतील बळ गेले ते गेलेच. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायचे आणि परत यायचे, एवढ्यावर दिवस संपू लागला. येणारे-जाणारे सांगत, "आता आराम करा, वय झाले." मीही तेच म्हणत होतो. वयाची सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आराम करू नये तर काय करावे?

एप्रिलच्या आरंभी दहावीची परीक्षा आटोपून आमचा नातू ठाण्याहून राहायला आला. घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या उंच इमारतीत तो राहतो, तेथे लिफ्ट तीन आहेत आणि जिना कोठे आहे हे त्याला विचारपूर्वक सांगावे लागते. येताना त्याने आपला लॅपटॉप आणला आणि त्या लॅपटॉपातून आमच्या घरात फुटबॉलचा एक अख्खा संघ आला. या पंधरवड्याचे लेखन त्या संघाविषयी आहे, आणि त्या ५४ पायऱ्यांविषयीही.

खेळ न खेळता खेळण्याचा खेळ

या खेळाचे नाव 'फुटबॉल मॅनेजर'. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्रज भावांनी रचलेला त्याचा पूर्वज १९९२ मध्ये 'चॅम्पियनशिप मॅनेजर' या नावाने बाजारात आला. २००४ पासून तो आजच्या नावाने निघतो. गंमत अशी की यात आपण चेंडूला पायसुद्धा लावत नाही. आपण संघाचे व्यवस्थापक. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, कोणाकडून कोणता सराव करून घ्यायचा आणि कोणाला विश्रांती द्यायची, हे ठरवणे एवढेच आपले काम. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तीसहून अधिक गुण मांडलेले असतात : वेग, दम, ताकद, तोल, निर्णयशक्ती, चिकाटी. प्रत्येकाला १ ते २० पर्यंत अंक. सराव नीट झाला तर काही महिन्यांनी १३ चे १४ होतात. वय वाढले की वेगाचा अंक उतरतो, पण निर्णयशक्तीचा वाढत राहू शकतो. हे शेवटचे वाक्य नातवाने सांगितले, तेव्हा मला या खेळाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

तो तासन्‌तास खेळतो म्हणून आधी मी रागावलो. मग बाजूला खुर्ची ओढून बसलो आणि लक्षात आले की मुलगा सामने कमी पाहतो, सरावाचे वेळापत्रकच अधिक न्याहाळतो. त्याला मी विचारले, "अरे, यात एवढे बघण्यासारखे काय आहे?" त्यावर त्याने जे सांगितले, ते मी माझ्या भाषेत मांडतो.

जुन्या आवृत्त्यांत सराव म्हणजे काही सरकपट्ट्या होत्या. ताकद वाढवायची? पट्टी उजवीकडे ओढा. दम वाढवायचा? दुसरी पट्टी ओढा. माणूस म्हणजे जणू जुना रेडिओ. खुंटी फिरवली की आवाज वाढला. खऱ्या फुटबॉलमध्ये असे घडत नाही, ही जाणकार खेळणाऱ्यांची तक्रार होती. २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत सरावाची मांडणी मुळापासून बदलली. आठवड्याचा प्रत्येक दिवस तीन भागांत विभागला गेला. कोणत्या भागात शारीरिक मेहनत, कोणत्या भागात डावपेच, कोणत्या भागात सामन्यानंतरची सावरणूक आणि कोणता भाग पूर्ण मोकळा, हे ठरवावे लागू लागले. थकलेल्या खेळाडूचा सराव आपोआप निम्मा करण्याची किंवा थांबवण्याची सोय झाली. वैद्यकीय कक्षाचे एक पान त्याच्या आदल्या वर्षीच्या आवृत्तीत आले होते, ज्यावर कोणाला दुखापतीचा धोका किती, हे दिसते. इतकेच नव्हे, तर सरावाचा भार जास्त झाला तर खेळाडू व्यवस्थापकाकडे येऊन कुरकुरही करतो.

"आजोबा, पूर्वी विश्रांती म्हणजे वाया गेलेला दिवस होता," नातू म्हणाला. "आता विश्रांती हाच सरावाचा एक प्रकार आहे."

सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य मी तेव्हा ऐकले, पण त्याचा अर्थ मला दोन आठवड्यांनी आणि बरीच किंमत मोजून कळला.

आमच्या घरातील सरकपट्टी

आजी पायऱ्या उतरू शकत नाही, हे पाहून नातवाने वहीत तिचेही वेळापत्रक आखले. सकाळी २० मिनिटे घरातल्या घरात चालणे. दुपारी १० मिनिटे खुर्चीतून उठणे-बसणे. संध्याकाळी १० मिनिटे जिना. आठवड्याचे सातही दिवस. मला ते फार आवडले. ज्या माणसाला महिनाभर "आराम करा" याखेरीज काही सुचले नव्हते, त्याच्या हाती अचानक एक तक्ता आला होता. मी तो स्वयंपाकघरातील कपाटाला चिकटवला आणि व्यवस्थापकाच्या उत्साहाने कामाला लागलो. "चल, ऊठ, वेळ झाली." "अजून पाच मिनिटे." "काल केलेस ना, मग आज का नाही?"

पहिले चार दिवस प्रगती दिसली. सहाव्या दिवशी ती दुपारी तीन तास झोपली. नवव्या दिवशी डावा गुडघा सुजला. दहाव्या दिवशी संध्याकाळी जिन्याच्या चौथ्या पायरीवर तिचा तोल गेला. कठडा हातात होता म्हणून निभावले. मी मागे होतो, पण मला तिला धरता आले नसते, हे मला त्या क्षणीच कळले.

घरात आल्यावर ती पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, मी काही तुमच्या त्या खेळातली बाहुली नव्हे."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. खेळातला खेळाडूसुद्धा भार वाढला की तक्रार करतो. माझ्या पत्नीने नऊ दिवस तक्रार केली नाही, कारण मला वाईट वाटेल असे तिला वाटत होते. काळजीवाहू वाचकहो, हे वाक्य आपण पुन्हा एकदा वाचावे अशी माझी विनंती आहे. आपल्या घरातील रुग्ण कुरकुरत नाही, याचा अर्थ त्याला झेपते आहे असा होत नाही.

भार मोजायचा कसा?

डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघा तपासला, तक्ता वाचला आणि एक साधा हिशेब मांडला. अमेरिकेतील व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत जगभरातील फुटबॉल संघ वापरतात. व्यायाम संपल्यावर, किती जड गेले ते ० ते १० या मापात करणाऱ्यानेच सांगायचे. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे याहून अधिक शक्यच नाही. तो अंक मिनिटांनी गुणायचा. आला तो त्या दिवसाचा भार.

एप्रिलपूर्वी माझी पत्नी दिवसातून जेमतेम १० मिनिटे चालत होती आणि ते तिला ३ इतके जड जाई. म्हणजे दिवसाला ३०, आठवड्याला २१०. आमच्या तक्त्याप्रमाणे सकाळचे चालणे २० मिनिटे, जडपणा ५ : १००. दुपारचे उठणे-बसणे १० मिनिटे, जडपणा ६ : ६०. संध्याकाळचा जिना १० मिनिटे, जडपणा ८ : ८०. दिवसाला २४०, आठवड्याला १६८०. एका आठवड्यात आम्ही भार आठपट केला होता. विशीतल्या खेळाडूवर असा प्रयोग केला तरी तो जायबंदी झाला असता.

या पद्धतीची थोरवी आकड्यांत नाही. जड किती गेले, हे व्यवस्थापकाने नव्हे तर करणाऱ्यानेच सांगायचे असते, यात ती आहे. आम्ही तो प्रश्न तिला एकदाही विचारला नव्हता.

दोन बाजूंच्या दोन चुका

एका चुकीतून माणूस बहुधा तिच्या विरुद्ध टोकाला जातो. गुडघा सुजल्यावर मी म्हणालो, आता काहीच नको. बाईंनी मान हलवली. त्यांनी जे सांगितले, त्याला आधार असलेले दोन अभ्यास मी नंतर मिळवून वाचले. ते आपल्याही कामाचे आहेत.

पहिला २००७ सालचा. अमेरिकेत साठी-सत्तरीतल्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिले. दहा दिवसांत त्यांच्या पायांतील स्नायूंचे वस्तुमान सरासरी सुमारे एक किलोने घटले. ही निरोगी माणसे होती, तापाने किंवा न्यूमोनियाने गांजलेली नव्हती. आमच्या घरी तर अंथरुणाचे दिवस महिन्याच्या घरात गेले होते. "वय झाले" असे आम्ही म्हणत होतो, पण पाय वयाने तेवढे गेले नव्हते, जेवढे पलंगाने गेले होते.

दुसरा अभ्यास १९९० चा, बोस्टनमधील वृद्धांच्या एका संस्थेतील. डॉ. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी नव्वदीतल्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे, देखरेखीखाली, पायांच्या ताकदीचा व्यायाम करून घेतला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या ताकदीत सरासरी १७४ टक्के वाढ झाली. दोघांची काठी सुटली. आणि सराव थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्यांची कमाल ताकद सुमारे ३२ टक्क्यांनी पुन्हा ओसरली. स्नायू नव्वदीतही शिकतो, आणि सोडून दिले तर नव्वदीत विसरतोही, हे दोन्ही एकाच अभ्यासाने दाखवले.

या दोहोंच्या मधली वाट कॅनडातील शास्त्रज्ञ एरिक बॅनिस्टर यांनी १९७० च्या दशकात एका प्रतिमानातून मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक सराव माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी देतो, क्षमता आणि थकवा. थकवा मोठा असतो, पण लवकर ओसरतो. क्षमता लहान असते, पण अधिक काळ टिकते. सरावानंतर लगेच माणूस कमकुवतच दिसतो. थकवा उतरू दिला, तरच खालची क्षमता वर येऊन दिसते. तो उतरण्याआधीच दुसरा सराव, त्यावर तिसरा असे रचत गेलो, तर क्षमता असूनही ती थकव्याखाली गाडलेली राहते. आमच्या सहाव्या दिवसाची ती तीन तासांची झोप म्हणजे हीच गोष्ट होती. आम्ही तिला आळस म्हटले.

पडद्यावरचा सराव खराखुरा वाटावा म्हणून खेळ रचणाऱ्यांनी मेहनतीबरोबर थकवा, सावरणूक, धोका आणि कुरकुर यांचा समावेश केला, तो याचसाठी. मेहनतीचे चित्र काढणे सोपे असते. अवघड असते ते विश्रांतीचे चित्र.

तालीम हा आपलाच शब्द

नातवाला मी एक गोष्ट सांगितली, ती त्याला फार आवडली. कोल्हापुरात फुटबॉलचे अनेक संघ 'क्लब' म्हणवत नाहीत, ते 'तालीम' म्हणवतात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. कुस्तीच्या आखाड्यांची ही नावे फुटबॉलला मिळाली आणि शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने पाहायला आजही गर्दी लोटते. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

तालीम म्हणजे शिक्षण, आणि तालीम म्हणजे जागाही. जुन्या तालमीतला वस्ताद पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका सांगत नसे. माती, मालिश, खुराक आणि झोप यांचाही हिशेब तो ठेवी. त्याच्याकडे १ ते २० चे अंक नव्हते, पण पोराचा चेहरा पाहून आज याला सोडावे की धरावे, हे त्याला कळत असे. आपल्याला काळजीवाहू म्हणून व्हायचे असेल तर तसे वस्ताद व्हावे, सरकपट्टी ओढणारे व्हायचे नाही.

नवा तक्ता

बाईंनी आखलेला नवा तक्ता इतका लहान होता की नातू हिरमुसला. रोज पूर्वीचेच १० मिनिटांचे चालणे. त्याखेरीज आठवड्यातून फक्त दोन दिवस, ८-८ मिनिटे, खुर्चीतून उठणे-बसणे आणि स्वयंपाकघरातील ओटा धरून टाचा उचलणे, जडपणा ४ च्या पुढे नाही. भार आठवड्याला २१० वरून २७४. दोन आठवडे हे सहज झाले तर तिसरा दिवस. जिना मेच्या अखेरीपर्यंत बंद. एक दिवस पूर्ण मोकळा, आणि तो कोणता हे आजीने ठरवायचे.

तक्त्यात आणखी एक रकाना होता, जो आमच्या पहिल्या तक्त्यात नव्हता : "कशासाठी?" तेथे पत्नीने स्वतःच्या अक्षरात लिहिले, "खाली सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला." मला वाटले होते ती लिहील 'डॉक्टरांकडे' किंवा 'बाजारात'. जिला तीन महिने मी चालवत होतो, तिला कोठे जायचे आहे हे मला ठाऊक नव्हते.

जूनमध्ये ती एक मजला उतरून दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीकडे चहाला गेली. १८ पायऱ्या. जुलैत दोन आठवडे काहीच पुढे सरकले नाही. पावसाची ओल, पाय दुखणे, एकदा पोट बिघडले. खेळात अंक उतरला तर लाल बाण दिसतो. घरी तो बाण आमच्या चेहऱ्यावर दिसू नये, एवढी काळजी आम्ही घेतली.

खेळाला अजून न कळलेले

सुट्टी संपून नातू परत गेला, पण दर रविवारी त्याचा फोन येतो. खेळातील सराव अधिक खरा कसा करता येईल, याची एक यादी तो करत असतो. त्या यादीत आता आजीच्या अनुभवाचीही भर पडली आहे. त्यातील तीन मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला असा की खेळात प्रत्येक खेळाडूची कमाल मर्यादा एका लपवलेल्या अंकाने आधीच ठरलेली असते. कितीही सराव करा, त्यापलीकडे जाता येत नाही. माणसाला असा अंक कोणी देऊ शकत नाही. घरातल्या घरात आपण मात्र तो सहज देऊन टाकतो : "आता हिच्याने एवढेच होणार."

दुसरा असा की खेळात १३ म्हणजे १३. प्रत्यक्षात माणसाचा आकडा रोज हलतो. रात्री झोप लागली नाही, परगावच्या बहिणीची वाईट बातमी आली, रक्तदाबाची गोळी बदलली, की कालचे १३ आज ९ होतात आणि परवा पुन्हा १३. एका वाईट दिवसावरून निष्कर्ष काढू नये, आणि एका चांगल्या दिवसावरूनही नाही. दोन-तीन आठवड्यांचा कल पाहावा.

तिसरा मुद्दा त्याने स्वतः मांडला आणि मी गप्प झालो. "आजोबा, गेममध्ये मॅनेजर कधीच थकत नाही." काळजीवाहू वाचकहो, तो मुलगा माझ्याविषयी बोलत होता. माझी स्वतःची झोप, माझे फिरणे, मित्रांबरोबरचा कट्टा हे सारे जानेवारीपासून बंद होते. माझी चिडचिड, "अजून पाच मिनिटे" हा माझा हट्ट, त्यात या थकव्याचा वाटा मोठा होता. त्या दिवसापासून तक्त्यात माझ्या नावाचाही एक रकाना आहे, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलगी किंवा शेजारीण घरी बसते व मी बाहेर पडतो.

आपल्या घरासाठी

आपल्याही घरी आजारपणानंतर सावरणारे कोणी असेल, तर पुढील गोष्टी ध्यानात असू द्याव्यात.

१. आरंभ डॉक्टरांना विचारूनच करावा. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हाडांचा ठिसूळपणा किंवा वारंवार चक्कर येत असेल तर व्यायामाची निवड तज्ज्ञांनीच करावी.

२. आज जे सहज होते, तेथून सुरुवात करावी. पूर्वी जे होत असे तेथून नव्हे. "किती जड गेले?" हा प्रश्न दर वेळी विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, हा मध्यम श्रमाचा साधा अंदाज होय. हृदयाची गती मंदावणारी औषधे चालू असणाऱ्यांची नाडी फसवी असते, त्यांना हे माप विशेष उपयोगी.

३. व्यायामानंतरचा थकवा किंवा दुखणे दुसऱ्या दिवशीही तितकेच राहिले, तर भार जास्त झाला असे समजावे व पुढच्या वेळी कमी करावा. छातीत दुखणे, बोलता न येण्याइतकी धाप, डोळ्यांपुढे अंधारी किंवा एका पोटरीला अचानक सूज आली तर व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

४. केवळ चालणे पुरेसे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचवला आहे. हे अंतिम ठिकाण आहे, पहिल्या आठवड्याचे वेळापत्रक नव्हे. ज्यांना इतके जमत नाही त्यांनी जमेल तेवढे करावे, असेही ती संघटना सांगते.

५. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. एक हात कठड्यावर, दुसरा हात मोकळा. पिशवी दुसऱ्याने घ्यावी. सोबत्याने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे, म्हणजे नेहमी खालच्या बाजूस राहावे. मात्र माझ्यासारख्या वयस्क सोबत्याने ही जबाबदारी तरुण हातांकडे द्यावी, हेच शहाणपणाचे.

६. स्नायूंना खाद्य लागते. वरण, उसळ, दूध, दही, चालत असल्यास अंडे किंवा मासे, यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

७. "कशासाठी?" हा रकाना रुग्णाने स्वतः भरावा.

५४

भाद्रपदात सोसायटीचा गणपती बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी, जावई आणि नातू आले. शेजाऱ्यांनी प्रत्येक मजल्याच्या वळणावर एकेक खुर्ची ठेवली. उतरताना ती दोनदा बसली. खाली पोहोचल्यावर आरतीसाठी उभी राहिली, शेवटचे कडवे मात्र खुर्चीत बसून ऐकले. वर यायला २५ मिनिटे लागली. मी मागे नव्हतो. एक पायरी खाली नातू होता, आणि मी वरच्या मजल्याच्या वळणावर उभा राहून पायऱ्या मोजत होतो. तिने मला मोजू नका म्हणून सांगितले, तेव्हा थांबलो.

ती पुन्हा पूर्वीसारखी भाजीला एकटी जाईल की नाही, मला ठाऊक नाही. फडके रस्त्याच्या गर्दीत दिवाळीच्या पहाटे तिला न्यावे, असा माझा विचार आहे. तिचा अजून नाही, आणि या खेपेस मी तक्ता काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला परत निघताना नातवाने विचारले, "आजी, आज वेळापत्रकात काय ठेवलं आहेस?"

ती पलंगावर पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होती. चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत म्हणाली, "विश्रांती. तूच म्हणाला होतास ना, तोही सरावच असतो म्हणून?"